सेल्फच्या बिघाडापायी नागवले जाऊ नका

(वागळे इस्टेट, ठाणे येथे जिल्हा बैठकीसाठी जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत भावावर, कर्जावर, विजेवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोललेच पाहिजे. आम्हाला मात्र वेगळ्या कामासाठी उभे केले आहे. आम्ही वागळे इस्टेटच्या गाळ्यांत हाताने काम करणारी माणसे. कोणी लेथवर, कोणी वायंडिंगवर, कोणी सेल्फ-डायनामोच्या बाकड्यावर. गाव शहापूरचे, मुरबाडचे, वाड्याचे. पावसाळ्यात सुट्टी काढून खाचरात उतरायचे आणि आवणी आटोपली की पुन्हा गाळ्यात यायचे, असा आमचा शिरस्ता. त्यामुळे ट्रॅक्टर आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, बांधावरूनही आणि बाकड्यावरूनही.

ही जागाही या विषयाला साजेशीच आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचा छोटासा समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला. त्यानंतर राज्यभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आज येथील बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या इमारती आणि संगणकाची कार्यालये आली आहेत. शेजारच्या वस्तीचे नाव किसाननगर, पण तेथे किसान औषधालाही सापडायचा नाही. तरी गल्लीबोळांतले गाळे अजून आहेत, आणि पाऊस तोंडावर आला की गावाकडचे सेल्फ गोणपाटात गुंडाळून तेथे येऊ लागतात.

आमचा मुद्दा त्या गोणपाटातल्या सेल्फचाच आहे. खोलून पाहावे तर त्यातल्या कित्येकांत काही बिघाडच नसतो. बिघाड राहिलेला असतो गावी, ट्रॅक्टरवर, बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा अर्थच्या केबलवर. शेतकरी मात्र भाड्याचा खर्च करून, दोन दिवस मोडून ठाण्याला आलेला असतो. एका गावात तर एका गॅरेजवाल्याने आमच्या नात्यातल्या माणसाला आधी नवी बॅटरी विकली, मग नवा सेल्फ विकला, आणि शेवटी दुरुस्ती झाली ती एक सैल नट आवळून. बॅटरीचे पैसे गेले, सेल्फचे गेले, पण सगळ्यात मोठे नुकसान वेगळेच झाले. रोप वीस-पंचवीस दिवसांचे झाले की त्याला खाचरात जायचे असते. चिखलणी आठ दिवस लांबली की रोप राबातच वाढते, पुढे त्याला फुटवे कमी येतात, आणि तो तोटा कोणत्याही बिलावर लिहिलेला नसतो. शेतीचा उत्पादनखर्च कोणी काढला तर त्यात ‘बिघाड न समजल्याचा खर्च’ असे कलम घालायला हवे.

सेल्फ म्हणजे काय?

डिझेल इंजिन स्वतःहून चालू होत नाही. त्याला कोणीतरी आधी गरगर फिरवावे लागते. पूर्वी हे काम हँडल करीत असे, आपल्यातल्या कित्येकांच्या पॉवर टिलरवर ते अजून करते, आणि हँडल उलटे फिरले तर मनगट कसे मोडते हेही आपल्याला माहीत आहे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ आला आणि ही जोखीम कमी झाली. शंभर वर्षे उलटून गेली, पण आतली गोष्ट फारशी बदललेली नाही.

सेल्फ म्हणजे थोड्या वेळासाठी प्रचंड जोर लावणारी विजेची मोटर. तिच्या पाठीवर एक छोटा डबा असतो तो सोलेनॉइड. चावी फिरवली की सोलेनॉइड दोन कामे करतो. एक, बेंडिक्सचा छोटा दात्यांचा गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो. दोन, आतली तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलांवर टेकवून बॅटरीचा सगळा करंट मोटरीत सोडतो. आपल्याला ‘टक्’ असा आवाज येतो तो याचाच. आत मोटरीला करंट पोहोचवतात ते कार्बन, आणि ते घासतात आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर.

दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?

आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी दहा शेतकऱ्यांचे एक वाक्य ठरलेले: “बॅटरी चांगली आहे हो, हेडलाइट लख्ख लागतोय!” या एका वाक्यापायी लोक सेल्फ खोलतात. म्हणून हिशेब नीट समजून घ्या.

हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार-पाच अँपिअर घेतो. सेल्फ घेतो काहीशे अँपिअर. आपण ३०० धरू. आता टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे आणि तेथे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे ०.०१ ओहम, अडथळा तयार झाला आहे असे समजा. हेडलाइटच्या ५ अँपिअरला त्या अडथळ्यात वाया जाणार ०.०५ व्होल्ट. दिव्याला ते कळतसुद्धा नाही. पण सेल्फच्या ३०० अँपिअरला त्याच जागी ३ व्होल्ट वाया जाणार! जोर लागताना बॅटरी आधीच साडेदहाच्या आसपास उतरलेली असते, त्यातून ३ गेले की सेल्फच्या वाट्याला राहिले साडेसात. एवढ्यावर तो कुंथतो, फिरत नाही. अरुंद पाटातून तांब्याभर पाणी सहज जाते, पण सगळे धरण सोडले तर पाट तुंबतो. दिवा लागणे हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा नाही, केबल चांगली असल्याचा तर मुळीच नाही.

आधी आवाज ऐका

डॉक्टर नाडी पाहतो, तसा आपण आवाज ऐकायचा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, स्वतः सीटवर बसलेले, क्लच दाबलेला, आणि मगच चावी फिरवायची.

काहीच आवाज नाही. करंट सोलेनॉइडपर्यंतच पोहोचत नाही. फ्यूज पाहा, चावीचा स्विच पाहा, क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच पाहा, सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर पाहा. ती उंदराने कुरतडलेली असणे किंवा तिची पिन गंजून निसटलेली असणे हे नेहमीचे. एक टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॉडीला आणि दुसरे त्या बारीक टर्मिनलला लावा, आणि दुसऱ्याला सीटवर बसवून चावी फिरवायला सांगा. दिवा लख्ख लागला तर दोष सोलेनॉइडमध्ये. नाही लागला तर दोष मागे, वायरीत किंवा स्विचमध्ये. सेल्फ खोलण्याचे कारणच नाही.

टक-टक-टक असा घाईचा आवाज. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सोलेनॉइड ओढतो, करंट जातो, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढतो.

एकच दणदणीत ‘टक्’ आणि मग शांतता. सोलेनॉइड ओढतो आहे. आता मीटर घ्या. सोलेनॉइडमधून मोटरीकडे जाणाऱ्या जाड टर्मिनलवर एक काडी, सेल्फच्या बॉडीवर दुसरी. चावी फिरवल्यावर तेथे जवळपास बॅटरीएवढे व्होल्ट आले आणि मोटर ढिम्म, तर दोष मोटरीच्या आत, बहुधा कार्बन संपलेले. ‘टक्’ झाले आणि व्होल्ट आलेच नाहीत, तर सोलेनॉइडच्या आतले टेकू जळालेले. व्होल्ट खूप उतरले आणि मोटर नुसती घुमते, तर मोटर आत घासते आहे किंवा इंजिनच जाम आहे. इंजिन हाताने फिरते की नाही ते पुलीवरून आधी पाहा.

सेल्फ घूं करून फिरतो, इंजिन फिरत नाही. मोटर चांगली, बेंडिक्स घसरतो आहे किंवा पुढेच येत नाही. चिखलणी करून ट्रॅक्टर न धुता उभा केला, पाणी आत राहिले, दांडी गंजली की असे होते.

खरखर, दात खाल्ल्यासारखा आवाज. सेल्फचे बोल्ट सैल झाले असतील, नाहीतर बेंडिक्सचे किंवा रिंगचे दात खाल्ले असतील. येथे थांबायचे. दामटत राहिलात तर काही शेकड्यांचे काम रिंगवर जाते, आणि रिंग बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. सोलेनॉइडचे टेकू चिकटले. विचार करीत बसू नका, बॅटरीची अर्थ ताबडतोब काढा.

आणि एक शेवटचे. सेल्फ इंजिनला झपाझप फिरवतो आहे, पण इंजिन पेटत नाही, तर दोष सेल्फचा नाहीच. स्टॉपची दोरी ओढलेली राहिली असेल, डिझेलमध्ये हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल. तिकडे पाहा.

मग मीटर लावा

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी बॅटरीचे व्होल्ट पाहा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आधी चार्ज करा आणि मगच सेल्फबद्दल बोला. मग स्टॉप ओढून धरून, इंजिन पेटणार नाही अशा बेताने सेल्फ मारा आणि मारतानाच व्होल्ट पाहा. भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली गेली तर ती आतून खचली आहे किंवा सेल्फ नको तेवढा करंट ओढतो आहे.

आता केबलची परीक्षा. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशावर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढे व्होल्ट वाटेत चोरीला जात आहेत. तसेच निगेटिव्ह शिसे आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये करा. येथे ०.३ च्या वर दिसले तर अर्थ खराब. बॅटरीकडून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी ही सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू आहे. रंगावर बसवलेली, गंजलेली, बोल्ट सैल. ती काढून, जागा पत्रा चमकेपर्यंत घासून पुन्हा आवळली की कित्येक ‘मेलेले’ सेल्फ जिवंत होतात. टर्मिनलवरची बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, कोरडे करून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

सेल्फ खोलावाच लागला तर

पहिले काम, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणे. ती काढली नाही आणि पाना पॉझिटिव्हवरून चेसिसला टेकला तर पाना लाल होतो, हात भाजतो, आणि चार्जिंगच्या गॅसने बॅटरी फुटूही शकते. जोडताना उलटे, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. वायरींना खुणा करून मगच सोडवा. सेल्फ दोन-तीन बोल्टांवर असतो, पण जड असतो. शेवटचा बोल्ट काढताना खाली हात हवा. मध्ये पातळ पत्र्याची पट्टी निघाली तर जपून ठेवा आणि परत घाला, बेंडिक्स आणि रिंग यांच्यातले अंतर तिच्यावर आहे.

आत पाहायचे ते असे. कार्बन निम्म्यापेक्षा जास्त झिजले असतील तर पूर्ण संच बदला, एकदोन नव्हे. स्प्रिंग ढिली झाली असेल तर तीही बदला. आर्मेचरच्या पट्ट्या काळ्या असतील तर बारीक काचपेपरने घासा. एमरी वापरू नका, तिचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करू शकतात. पट्टी आणि दांडी यांच्यामध्ये मीटर काहीही सातत्य दाखवता कामा नये. दाखवले तर आर्मेचर वायंडिंगला द्यावे लागेल. टोकांचे बुश झिजले असतील तर आर्मेचर खाली बसून फील्डला घासतो आणि तेथे चमकदार ओरखडे दिसतात. पितळी बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. बेंडिक्सचा दाता एका दिशेने मोकळा फिरला पाहिजे आणि उलट दिशेने घट्ट धरला पाहिजे. दोन्हीकडे फिरला तर बदला. त्याच्या दांडीवर जाड ग्रीस थापू नका. क्लचची धूळ त्यात कालवली जाते आणि बेंडिक्स चिकटतो. सोलेनॉइड खोलता येण्यासारखा असेल तर आतली तांब्याची चकती उलटी करून पुन्हा वापरता येते, बंद डब्याचा असेल तर तो एकटाच बदलतो. दोन्ही वेळा पूर्ण सेल्फ घेण्याचे कारण नाही.

परत बसवताना सेल्फ जेथे टेकतो ती जागा घासून साफ करा. सेल्फची अर्थ त्याच्या बॉडीतूनच जाते. आणि एक सवय मोडा. सेल्फ अडला की त्याला हातोडीने ठोकायची. जुन्या सेल्फमध्ये कार्बन जरा हलतो आणि एकदा चालू होतो, म्हणजे ती कार्बन संपल्याची सूचना असते. नव्या काही सेल्फमध्ये आत चुंबकाच्या विटा असतात. हातोडीने त्या तडकतात आणि चांगला सेल्फ भंगारात जातो.

ठाण्याच्या मोठ्या संकुलांत हिरवळ कापायचे छोटे ट्रॅक्टर आले आहेत आणि आपल्याच गावची पोरे त्यावर कामाला आहेत. त्यांनाही हेच शास्त्र लागू. फरक एवढाच की तेथे सोलेनॉइड बहुधा सेल्फपासून दूर चेसिसवर असतो, सीटखाली आणि पात्याच्या दांड्याला जादा सेफ्टी स्विच असतात, आणि काहींच्या सेल्फचा दाता प्लॅस्टिकचा असतो. तो झिजला तर तेवढाच बदलतो.

पेचकसाने सेल्फ मारू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचे. चावी चालत नाही म्हणून खाली उभे राहून सोलेनॉइडच्या दोन टर्मिनलांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची पद्धत गावोगाव आहे. असे केले की न्यूट्रलचा आणि क्लचचा सेफ्टी स्विच बाजूलाच राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो पेटताक्षणी चालू लागतो, आणि पेचकस धरणारा उभा असतो नेमका मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे. जगभर ट्रॅक्टरखाली माणसे मेली आहेत ती अशी. सेल्फ बदलता येतो, कर्ता माणूस बदलता येत नाही. सेफ्टी स्विचची वायर कापून जोडून देणारा मेकॅनिक हुशार नव्हे. त्याला स्विच बदलायला सांगा. हे घरातल्या बायकांनीही लक्षात ठेवावे आणि पेचकस हातात दिसला की हटकावे.

दुरुस्ती हा आपला हक्क

मंडळी, ही नुसती पाना-पेचकसाची गोष्ट नाही. मालकी म्हणजे काय, हा प्रश्न यात आहे. अमेरिकेत नव्या ट्रॅक्टरांत संगणक बसले आणि बिघाड शोधण्याचे सॉफ्टवेअर कंपनीच्या आणि डीलरच्या हातात राहिले. तेथील शेतकरी लढले. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रश्नावर जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिच्यापुढच्या विषयांत शेतीची अवजारे होती. हे चांगले झाले. पण कायदा हक्क देईल, मीटर धरायला शिकवणार नाही. सैल नट आणि मेलेला सेल्फ यांतला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याला हक्क मिळूनही दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागेल. खुल्या बाजारात उतरायचे तर आपल्या मालाचा भाव जसा कळला पाहिजे, तसा आपल्या यंत्राचा बिघाडही कळला पाहिजे.

म्हणून या बैठकीपुढे आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक गावाने वर्गणीतून एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, पान्यांचा एक संच आणि बॅटरी चार्जर ठेवावा. गावातली दोन पोरे आणि दोन पोरी, चौघांना हे काम शिकवावे. शिकवायला आम्ही येऊ, पैसे नकोत, दुपारची भाकरी चालेल. ट्रॅक्टर उभा असतो त्या महिन्यांत बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि डिस्टिल्ड वॉटर पाहावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर त्याला निवू द्यावे. आणि कोणी नवा सेल्फ घ्यायला सांगितला तर तीनच प्रश्न विचारावेत: बॅटरी किती व्होल्ट आहे? अर्थच्या केबलवर किती व्होल्ट पडतात? मोटरीच्या टर्मिनलवर करंट येतो की नाही? उत्तर देता आले तर त्या मेकॅनिकला त्याच्या मजुरीचा पुरा पैसा द्या, घासाघीस करू नका. त्याच्याही घामाला दाम हवा. उत्तर देता आले नाही तर पाकीट खिशातच ठेवा.

मृगाच्या आत एवढे करून घ्या. पाऊस कोणासाठी थांबत नाही, निदान आपला ट्रॅक्टर तरी सैल नटापायी थांबू नये.